कोल्ह्यापाशी ठेवलेल्या चाव्या

तेल्हाऱ्यात ब्राउझरला कोणी ब्राउझर म्हणत नव्हतं. कोल्हं म्हणत. अकीलाच्या कम्प्युटरवर ज्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की इंटरनेट उघडायचं, ते चित्र निळ्या गोलाला शेपूट गुंडाळून बसलेल्या केशरी कोल्ह्याचं होतं. आणि तेल्हाऱ्याने एकदा नाव ठेवलं की ते कोणाच्या बापाला बदलता येत नाही. "अकीलाबाई, कोल्हं चालू हाय का आज?" असं रस्त्यावरूनच ओरडून विचारायचं आणि हो म्हटलं तरच पायरी चढायची, अशी रीत पडली होती. बँकेतल्या एका नव्या साहेबाने एकदा चारचौघांना खरं नाव समजावून सांगितलं. चारचौघांनी मान डोलावून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोल्हंच विचारलं.

दुकान म्हणजे अन्सारच्या गादी कारखान्याचा अर्धा तुकडा. पुढे अन्सारचं कापूस पिंजायचं मशीन, मधे प्लायवुडची एक फळी आणि फळीमागे अकीला. मशीन चालू झालं की रुईचे कण फळी ओलांडून यायचे. कम्प्युटरच्या पंख्यात बसायचे, अकीलाच्या चष्म्यावर बसायचे, गिऱ्हाइकाच्या मिशांवर बसायचे. दर महिन्याला कम्प्युटरचा डबा उघडून ती ब्रशने रुई काढायची आणि अन्सारला म्हणायची, "एक तकिया भर निकला." अन्सार हसायचा. दहा वर्षं तोच विनोद, दहा वर्षं तेच हसू. पण आताशा विनोद करायचाही तिला कंटाळा यायला लागला होता.

कोल्हं तिने आपल्या सोयीने माणसाळवलं होतं. अक्षरं दीडपट मोठी करून ठेवली होती, कारण चष्म्याचा नंबर वाढला होता आणि अकोल्याला जाऊन तो तपासायला दोन वर्षांत दिवस मिळाला नव्हता. वरच्या पट्टीवर लोक ज्या शब्दांनी मागतात त्याच शब्दांच्या खुणा लावल्या होत्या. सातबारा, विमा, निकाल, भरती, आधार. पासवर्डचं तर बोलायलाच नको. लोक पासवर्ड तळहातावर लिहून आणत, काडेपेटीवर लिहून आणत, आणि पुढच्या वेळी काडेपेटी संपलेली असे. त्यामुळे "हा पासवर्ड लक्षात ठेवू का?" असं कोल्ह्याने विचारलं की अकीला न वाचता हो म्हणायची. ठेव बाबा, तुझ्या डोक्यात जागा आहे, माझ्यात नाही. पुढच्या खेपेला नावाचं पहिलं अक्षर दाबलं की उरलेलं सगळं आपोआप भरून यायचं. आलेला माणूस चकित व्हायचा. "कोल्ह्यानं वळखलं मले," म्हणायचा.

दोन हजार पंधराच्या मे महिन्यात अलीझा सुट्टीला घरी आली तेव्हा हे चालू होतं. अलीझा म्हणजे अकीलाची एकुलती लेक. अमरावतीला कम्प्युटरचाच कोर्स करत होती. पहिले दोन दिवस तिने झोप काढली, तिसऱ्या दिवशी आईच्या खुर्चीत बसली आणि ओरडली, "अम्मी, ये क्या है?"

तिने कोल्ह्याच्या पोटातलं एक पान उघडलं होतं. डावीकडे नावं, उजवीकडे पासवर्ड, उघड्या अक्षरांत, ओळीखाली ओळ. चारशे सतरा ओळी होत्या. अकीलाने ते पान आयुष्यात पाहिलं नव्हतं. कोल्हं लक्षात ठेवतं एवढं तिला माहीत होतं. कोणी नुसतं बटण दाबलं तर सगळं ओकून टाकतं हे माहीत नव्हतं.

"पूरे तालुके की चाबियां हैं इसमें. कोई भी आके देख लेगा."

"कौन देखेगा? यहां किसको पढ़ना आता है?" अकीला म्हणाली खरी, पण तिला शरम वाटली. ओळी वाचता वाचता तिची नजर अडखळायला लागली. कोणी बैलांच्या जोडीची नावं ठेवली होती. कोणी सासरी गेलेल्या मुलीचं. एका ओळीपाशी ती थांबली. नाव किशोर जानराव, आणि पासवर्ड, इंग्रजी अक्षरांत, तलाठी२०१०. त्या साली त्याने पहिला फॉर्म भरला होता. पाच वर्षं भरत राहिला. तलाठी झाला नाही, पोलीस झाला नाही, ग्रामसेवकाच्या यादीत दोन गुणांनी राहिला. पासवर्ड मात्र कधी बदलला नाही.

अलीझाने दोन दिवसांत कोल्ह्याची झाडझूड केली. कुठूनकुठून येऊन चिकटलेल्या पट्ट्या उपटल्या, जाहिराती अडवल्या, नवी आवृत्ती चढवली, ज्यांवरून साइट्स हा कम्प्युटर ओळखत त्या साठलेल्या सगळ्या खाणाखुणा पुसून काढल्या. सगळ्या पासवर्डांवर एक मोठं कुलूप घातलं, त्याची चावी एकट्या अकीलाकडे. पासवर्डांची यादीही तिला तेव्हाच पुसायची होती. अकीलाने हात धरला. "बारावी का निकाल लगने दे. सब आएंगे, किसी को कुछ याद नहीं रहेगा. जुम्मे को मिटा दे."

म्हणजे शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली.

झाडझुडीचा एक ताप लगेच सुरू झाला. खुणा पुसल्यामुळे प्रत्येक खात्याला हा कम्प्युटर परका वाटायला लागला. इथे कोणाचं खातं उघडलं की त्याच्या फोनवर इशारा जायचा, की तुमच्या खात्यात नव्या ठिकाणाहून कोणीतरी शिरलं आहे. कापूस व्यापाऱ्याचा मुनीम तर फोन नाचवत आला. "बाई, कोणं उघडलं मायं?" अकीला म्हणाली, "मी उघडलं, तुमच्या म्होरं बसून उघडलं, आताच!" त्याला पटायला पाच मिनिटं लागली. अशी पाच-पाच मिनिटं देतच तिचे दिवस जात होते.

अशा त्या दिवसांत जानराव आला.

जानराव म्हणजे त्याच किशोरचा बाप. गाव तेल्हाऱ्यापासून दोन कोसांवर, काळ्या मातीचं नऊ एकर, साठीचं वय. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी किशोर घरातून गेला तो गेलाच, या गोष्टीला सात महिने होत आले होते. फोन पहिल्याच आठवड्यात बंद झाला. पोलिसांनी कागद लिहून घेतला आणि म्हणाले, एकोणतीस वर्षांचा घोडा आहे, येईल. पण त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात जवान पोरगा संध्याकाळी घरी आला नाही तर पोलिसांच्या आधी लोक विहिरीकडे धावत. जानरावच्या शेतातल्या विहिरीतही गळ टाकून पाहिला. शेजारच्या दोन विहिरींत पाहिला. काही लागलं नाही. लागलं नाही म्हणून कोणाचं समाधान मात्र झालं नाही. जमुना, किशोरची आई, त्या दिवसापासून त्या विहिरीचं पाणी पीत नव्हती. गळ फिरलेलं पाणी घशाखाली उतरत नाही म्हणायची, आणि दीड किलोमीटरवरून डोक्यावर हंडा आणायची.

"बाई," जानराव खुर्चीत न बसता म्हणाला, "त्याचं सारं तुमच्या कोल्ह्यापाशी होतं. ते उघडून पाहाले जमन का?"

"काय पाहाचं हाय, काका?"

"वाचाचं नाई मले काई. थो हाय का नाई, येवढंच पाहाचं हाय."

अकीलाने नाही म्हटलं. तिचा एक नियम होता. ज्याचं खातं तो माणूस खुर्चीत बसला असला तरच पासवर्ड टाकायचा, बाप आला, नवरा आला, सरपंच आला तरी नाही. हा नियम तिला कोणी शिकवला नव्हता, अंगाशी येऊन ती शिकली होती. चार वर्षांपूर्वी भगवंतराव नावाचा एक सज्जन माणूस आला, गोड बोलला, आणि माझ्या लेकीने, साधनाने, कोणता फॉर्म भरला ते दाखवा म्हणाला. अकीलाने दाखवला. साधनाने घरात न सांगता अमरावतीच्या नर्सिंगचा फॉर्म भरला होता. महिन्याभरात साधनाचं लग्न उरकलं. आता ती कडेवर लेकरू घेऊन आधार कार्डाला येते आणि अकीलाशी हसून बोलते. रागावली असती तर अकीलाला बरं वाटलं असतं.

"खुर्चीत ज्याचं थोच पाह्यजे, काका. मी कोणाचंच नाई उघडत."

जानरावने वाद घातला नाही. वाद घालणारा माणूस अकीलाला परवडतो, एक ठेवून देता येते. हा नुसता "बरं" म्हणाला आणि अन्सारच्या कापसाच्या ढिगापाशी जाऊन बसला. मुठीत रुई घेतली, धागा ओढून पाहिला, "आखूड हाय यंदा" म्हणाला आणि दुपारच्या गाडीने गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. विचारत काहीच नव्हता. पंख्याखाली बसायचा, लाइट गेली की बाहेर लिंबाखाली बसायचा, आली की आत यायचा. निकालाच्या गर्दीत पोरं त्याच्या पायावरून उड्या मारत होती. अकीला मान वर न करता बैठक क्रमांक टाकत होती, आणि मान वर न करताही तो तिथे आहे हे तिला सारखं कळत होतं. पाठीचा मणका दुखावा तसं ते दुखत होतं.

किशोरला ती विसरली होती असं नाही. किशोर तिला चाची म्हणायचा. वेचणीच्या दिवसांत शेतातून फोन करायचा, "चाची, मायं खोलून पाहा बरं, हॉलतिकीट आलं का?" ती खोलून पाहायची, आलं म्हणायची, छापून ठेवायची. म्हणजे त्याच्या परवानगीने त्याच्या माघारी तिने ते पन्नासदा उघडलं होतं. फॉर्म भरताना एकदा हसत म्हणाला होता, "चाची, नोकरी नाई लागली तरी चालते, पण फारम भरून राहिलो म्हटलं का पोरीवाले चार दिवस थांबते." तीन ठिकाणी बोलणी झाली आणि तिन्ही ठिकाणी पोरीच्या बापाने शेती म्हटल्यावर चहाचा कप खाली ठेवला. हेही त्यानेच सांगितलं होतं, हसतच.

बुधवारी निकालाची गर्दी ओसरली. अन्सार जेवायला आत गेला होता आणि मशीन बंद होतं. जानराव एकटाच बाकावर होता. अकीलाने विचारलं, "काका, भांडण झालं होतं का?"

जानराव म्हणाला, "कापूस वेचाले माणूस मिळून नव्हता राहिला. बोंडं लोंबत होते. याले परीक्षेले अकोल्याले जाचं होतं. मी म्हटलं, फारमं भरून भरून जलम गेला तुया. म्हटलं, तिकडंच मर त्या कम्प्युटरपाशी." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बैलालेही म्हणतो मी मर म्हणून. दिवसातून धा वेळा म्हणतो. तोंडाची सवय हाय. पण थो बैल नव्हता ना."

शुक्रवारी यादी पुसली की हा रस्ता कायमचा बंद होणार होता. हे अकीलाने त्याला सांगितलं नव्हतं. साधनाच्या बापाला लेकीला अडवायचं होतं, याला फक्त पोरगा आहे एवढं कळायला हवं आहे, असं ती मनाशी म्हणाली. पण मनाशी काय, माणूस काहीही म्हणू शकतो. बरोबर की चूक ते तिला कळलं नाही. तिला एवढंच कळलं, की आपण थकलो आहोत आणि या माणसाला रोज नाही म्हणण्याची ताकद आता आपल्यात नाही.

"या, खुर्चीत बसा," ती म्हणाली. निदान खुर्ची तरी रिकामी नको.

तिने मोठ्या कुलपाचा पासवर्ड टाकला, मेलचं पान उघडलं, के दाबला. नाव आलं, खाली दहा-अकरा काळे ठिपके आले, आणि दार उघडलं. जानराव पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याच्या श्वासाने काचेवरची रुई हलली.

"हे सारं काळंभोर काहून हाय?"

न वाचलेलं पत्र ठळक अक्षरात दिसतं, वाचलं की बारीक होतं. दिवाळीपासूनची सगळी पत्रं ठळक होती. भरतीच्या जाहिराती, परीक्षेच्या तारखा, एक हॉलतिकीट, पुन्हा जाहिराती, पानामागून पान. सात महिने या घरात कोणी पाऊल ठेवलं नव्हतं.

खोटं बोलावं असं तिला वाटलं. बोलता आलं नाही. "ज्यानं नाई वाचलं ते काळं दिसते, काका."

"म्हणजे त्यानं काईच नाई वाचलं."

"नाई."

जानरावने मान हलवली. रडला नाही. त्या काळ्या ओळींकडेच पाहत अगदी साध्या आवाजात म्हणाला, "एक चिठ्ठी टाकता येते का याच्यात? आला तर दिसली पाह्यजे."

अकीलाने किशोरच्याच खात्यातून किशोरलाच पत्र लिहायला घेतलं, म्हणजे सगळ्यात वर दिसेल. जानराव सांगत गेला, ती टिपत गेली. त्याचे शब्द तिने सुधारले नाहीत.

"किशोर. मी जानराव. अकीलाबाईच्या हातानं लिहून राहिलो. मर म्हटलं ते तोंडातून गेलं. इहिरीत गळ टाकून पाह्यला. तुयी माय थे पाणी पेत नाई. तू नोको येऊ पाह्यजे तर. हाय येवढं कळव. कापूस निंघाला सारा."

शेवटचं वाक्य कशासाठी, हे तिने विचारलं नाही. पत्र गेलं आणि ठळक अक्षरांत सर्वांत वर येऊन बसलं. अकीला त्या खात्यातून बाहेर पडली आणि जानराव चारच्या गाडीने गावी गेला. रात्री तिने अलीझाला सांगितलं नाही. पोरीने आधीच तिला भरपूर ज्ञान दिलं होतं, आणखी नको होतं.

गुरुवारी जानराव आला नाही. शुक्रवारी मात्र दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला होता. अन्सारने शटर वर केलं तसा उठला.

"एक डाव पाहू, बाई. चिठ्ठी बारीक झाली का तेवढं."

आज शेवटचंच आहे असं अकीलाने मनात म्हटलं. नमाजानंतर अलीझा यादी पुसायला बसणार होती. तिने त्याला खुर्चीत बसवलं, कुलूप उघडलं, के दाबला. नाव आलं, ठिपके आले. तिने एंटर मारलं.

दार उघडलं नाही. पान जिथल्या तिथे राहिलं आणि ठिपक्यांखाली लाल अक्षरांत इंग्रजीत एक ओळ उमटली. अकीलाने चष्मा काढला, पदराने रुई पुसली, पुन्हा लावला आणि ओळ पुन्हा वाचली. तुमचा पासवर्ड दोन दिवसांपूर्वी बदलण्यात आला आहे.

"काय म्हणते कोल्हं?" जानरावने विचारलं.

ती उत्तर देणार तोच तिच्या मनात आलं. अलीझा! ही पोरगी गेले आठ दिवस दिसेल त्याला कुलूप घालत सुटली आहे. हिनेच तर बदलला नसेल? हिने बदलला असेल आणि मी या म्हाताऱ्याला काही भलतंच सांगून बसले, तर अल्ला मला माफ करणार नाही.

"अलीझा!" तिने मागच्या दाराकडे तोंड करून अशी हाक मारली की अन्सारही मशीन थांबवून आला. अलीझा ओल्या केसांनी धावत आली. "ये किशोर का पासवर्ड तूने बदला क्या?"

"मैंने? मैंने किसी का नहीं बदला."

"कसम खा."

"अम्मी, मैं बदल ही नहीं सकती." अलीझाने ओळ वाचली आणि ती हळू बोलायला लागली. "परसों आपने खोला था क्या?" अकीलाने मान डोलावली. " इधर से खोला तो उसके फोन पे गया होगा, कि किसी ने खोला है. तेल्हारा, जिल्हा अकोला, ऐसा लिखके जाता. उसने देखा और बदल दिया. बदलने को उसी के फोन पे कोड आता. पुराना नंबर बंद किया होगा, पर खाते में नया डाला होगा. फोन जिसके हाथ में है, वही बदल सकता."

म्हणजे मुनीम फोन नाचवत आला होता, तसाच कुठेतरी किशोरचाही फोन वाजला होता. तो कुठे उभा होता, कोणत्या कारखान्याच्या दाराशी, कोणत्या गावी, कोण जाणे. पडद्यावर तेल्हारा वाचून त्याला काय वाटलं तेही कोण जाणे. त्याने बटणं दाबली, तलाठी२०१० पुसलं, दुसरं काहीतरी लिहिलं. पाच वर्षांत कधी बदललं नव्हतं ते बुधवारी बदललं.

अकीला जानरावच्या शेजारी बाकावर बसली. "काका, नीट आयका. परवा आपण त्याचं उघडलं, तर त्याच्या फोनावर खबर गेली. त्यानं लगेच कुलूप बदललं. आता आपल्याले आत नाई जाता येत. हे कुलूप त्याच्याबिगर कोणालेच नाई बदलता येत."

जानराव तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. "कवा बदललं?"

"बुधवारी. तुम्ही गाडीत बसले असान तवा. नाई तर संध्याकाळी."

"चिठ्ठी वाचली असन का त्यानं?"

ती सहज हो म्हणू शकली असती. "ते नाई सांगता येत. आता आत पाहाले जमत नाई आपल्याले. वाचली असन, नसनही. राग येऊनही बदललं असन."

"येऊ दे ना राग!" जानराव एकदम मोठ्याने म्हणाला, आणि मग त्याचं तोंड वाकडं झालं, सात महिने आवरून धरलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. अन्सारने त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हातारा टोपीत तोंड घालून रडला, तसाच रडता रडता बोलत राहिला. "दाराले कडी लागली ना, अन्सारभाऊ? आतून लागली ना? मंग घरात माणूस हाय. रिकाम्या घराले आतून कडी लागत नाई."

पायरीवर एक बाई पोराचा दाखला घेऊन आली होती, तीही आत न येता उभी राहिली.

थोड्या वेळाने जानरावने टोपीने तोंड पुसलं आणि पडद्याकडे बोट केलं. "ते त्याचं जुनं जे ठेवलं हाय कोल्ह्यापाशी, ते काढून टाका, बाई. त्याले नोको वाटलं, तर आपण काहून ठेवाचं?"

अलीझा पुढे झाली, पण अकीलाने तिला थांबवलं. तिने स्वतः यादी उघडली, चारशे सतरा ओळींतून ती एक ओळ शोधली, निवडली आणि काढून टाकली. कोल्ह्याने विचारलं, नक्की का? ती नक्की म्हणाली. तलाठी२०१० गेलं. इतकी वर्षं तिने न वाचता हो म्हटलं होतं, हे एकदाच वाचून म्हटलं.

जानराव उभा राहिला. खिशातून जुना बटणांचा फोन काढला, दूर धरून डोळे बारीक करून पाहिला आणि अकीलापुढे केला. "घरी लावून द्या बरं. मले आकडे नाई दिसून राहिले."

तिने लावून दिला. तिकडून जमुनाचा आवाज आला, घाबरलेला, या घरात फोन वाजला की जसा यायचा तसा. "काय झालं जी? कुठी हा तुम्ही?"

"काई नाई झालं," जानराव म्हणाला. "लाइट हाय का तिकडं? हाय ना? मंग इहिरीवरची मोटर लाव, अन् हंडा तिथूनच भर. मी येईतोवर पेऊन घे तू, पोटभर."